खपल्या भरणारे कोंडाजीभाऊ

कोंडाजीभाऊंना मी पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा ते गवतात गुडघ्यांवर बसून माझ्या मुलीने केलेल्या एका खळग्यात बोट घालत होते. पेरापर्यंत बोट आत, मान वाकडी, डोळे अर्धवट मिटलेले. मला वाटलं काहीतरी हरवलंय. मी विचारलंही. ते म्हणाले, "न्हाय, बाई. किती खोल गेली ते बगतोय."

काशीदच्या पुढे, मुरूडच्या रस्त्यावर, डोंगराच्या उतारावर एक रिसॉर्ट आहे आणि त्या रिसॉर्टला गोल्फचं छोटं मैदान आहे. गोल्फची काठी चेंडूवर बसते तेव्हा चेंडूच्या पुढचा गवताचा तुकडाही तासून निघतो, तळहाताएवढा, आणि लांब उडून पडतो. मागे मातीचा उघडा खळगा राहतो. रिसॉर्टमधली शिकलेली माणसं त्याला डिव्हट म्हणतात. कोंडाजीभाऊ खपली म्हणतात. रोज सकाळी बादलीभर रेती आणि गवताचं बी घेऊन सरावाच्या जागेवरच्या शे-दोनशे खपल्या भरायच्या आणि पायाने दाबायच्या, हे त्यांचं काम. सोळा वर्षं हेच करतायत. पायात चपला घालायचा नियम आहे म्हणून चपला आणतात, पण त्या बादलीत ठेवतात. गवतावर अनवाणीच चालतात.

मूळचे पेणकडचे. घर मिठागरवाल्यांचं. बाप, चुलते, सगळेच मिठात. एका वर्षी समुद्राचा बांध फुटला, मिठाच्या वाफ्यांत भरतीचं पाणी शिरलं ते निघालंच नाही आणि पुढे कोणी तो बांध घातला नाही. भाऊबंद ट्रकच्या धंद्यात गेले. कोंडाजीभाऊंना गाडीत बसलं की मळमळतं. म्हणून मेहुण्याच्या ओळखीने इथे आले, मैदान तयार होत होतं तेव्हा माती दाबायला. मिठागरात वाफ्याचा तळ पायांनी तुडवून घट्ट करतात, तेच काम जरा निराळ्या पगारावर.

त्यांनी आयुष्यात एकदाही गोल्फची काठी हातात धरलेली नाही. तरी खपली बघून ते मारणाऱ्याबद्दल सांगू शकतात. एकदा माझ्यासमोर एका पाहुण्याला म्हणाले, "साहेब, डावा गुडघा दुखतो काय?" पाहुणा दचकला. मागच्याच वर्षी ऑपरेशन झालं होतं. "तुम्हाला कुणी सांगितलं?" कोंडाजीभाऊ जमिनीकडे बोट दाखवून म्हणाले, "हिनं." पाहुणा बायकोला म्हणाला, "बघ, तुझ्यापेक्षा याला माझी जास्त काळजी आहे." बायको म्हणाली, "मग त्यालाच न्या घरी."

मी इथून जवळच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. म्हणून मी त्यांची 'बाई'. माझ्या मुलीचे, मनालीचे, बाबा माणगावला एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक आहेत, शनिवारी घरी येतात. मनाली बारावीनंतर सुट्टीत या रिसॉर्टच्या काउंटरवर लागली, पाहुण्यांना चेंडूंच्या टोपल्या द्यायला. दर रविवारी मुंबईहून मितेश सर शिकवायला येतात. एकदा कोणी शिकायला नव्हतं म्हणून त्यांनी तिच्या हातात काठी दिली. तिने मारलेला तिसरा चेंडू लांबच्या झेंड्याजवळ पडला. सरांनी लगेच चेंडूंची आणखी एक टोपली मागवली, असं ती सांगते. त्याला तीन वर्षं झाली.

मॅनेजरने गेल्या पावसाळ्यात तिला सांगितलं, "पाहुण्यांच्या मुलांना शिकवायला आम्हाला कायमचा माणूस हवाय. तू प्रशिक्षकाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळव, जागा तुझी. नाही मिळाला तर आम्ही बाहेरून कोणीतरी आणू." प्रवेशासाठी खेळून दाखवावं लागतं. पुण्याकडच्या एका मोठ्या मैदानावर दोन दिवस, अठरा होलच्या, म्हणजे अठरा भोकांत चेंडू घालायच्या, दोन फेऱ्या, मिळून एकशे साठ किंवा त्याहून कमी फटके. परीक्षा नोव्हेंबरात होती.

तेव्हापासून माझं कशात लक्ष लागेना. शाळा सुटली की मी पाचची एस.टी. पकडून सव्वापाचला मैदानावर हजर. मनाली साडेचारला काउंटर सोडून सरावाला लागलेली असायची. मी सुरूच्या झाडाखालच्या बाकावर बसायची, पर्स पोटाशी धरून, आणि ती काठी मागे नेऊ लागली की माझ्या तोंडून आपोआप निघायचं, "डोकं खाली." हळूच म्हणायची. इंटरनेटवर सगळे तेच सांगत होते.

तिचा चेंडू उजवीकडे वळत होता. सुरुवातीचे चांगले जायचे, मग एकेक करून हवेत वळायला लागायचे आणि झाडीत जायचे. रविवारी मितेश सरांनी फोनवर तिचा व्हिडिओ काढून संथ चालवून दाखवला.

"हे बघ. काठी वर गेली, इथपर्यंत छान. आता खाली येताना आधी काय हललं?"

"खांदे," मनाली म्हणाली.

"खांद्यांना घाई झालीय. पाय अजून उठायचेत आणि हे निघाले कामाला. आधी डावी टाच टेकव, मग कंबर, मग खांदे. हात शेवटी."

सरांनी तिला दोन्ही पाय जोडून अर्धेच फटके मारायला लावले, तोल गेला तर मोजायचा नाही असे. रविवारी सगळं ठीक. सोमवारी ठीक. मंगळवार-बुधवारी परत उजवीकडे. सर फोनवर म्हणायचे, "व्हिडिओ पाठव." ती काउंटरवरच्या मुलीकडून साडेचारला काढून घ्यायची. त्यात खांदे शहाण्यासारखे वागत. सर लिहायचे, छान आहे, चालू ठेव.

परीक्षेला तीन आठवडे राहिले तेव्हा एका सकाळी शाळेआधी मी कोंडाजीभाऊंना गाठलं. म्हटलं, तुम्ही सगळ्यांचं ओळखता. माझ्या मुलीचं काय चुकतंय?

"सर सांगतात तसा करू दे."

"सर रविवारचे येतात. तुम्ही रोज बघता."

"मी कुटं बगतो? मी सकाळचा येतो. ती मारते संध्याकाळी."

"कोंडाजीभाऊ, मी वर्गात रोज चाळीस मुलांना बोलतं करते. टाळाटाळ मला कळते."

त्यांनी बादली खाली ठेवली. मनाली काउंटरच्या आत होती तेवढं पाहून घेतलं आणि मला सरावाच्या जागेवर नेलं. मनाली रांगेत मारते. एक चेंडू मारला की पुढचा त्याच्या वीतभर मागे ठेवते, म्हणजे एकामागे एक खपल्यांची पट्टी तयार होते. एका संध्याकाळी दोन पट्ट्या. भरलेली रेती गवतात पिवळी दिसते, आणि गवत धरायला तीन आठवडे लागतात. तोपर्यंतच्या सगळ्या संध्याकाळी तिथे मांडून ठेवल्यासारख्या दिसत होत्या.

"ही कालची. पैली पट्टी बगा. सगळ्या खपल्या झेंड्याकडं तोंड करून. उथळ. आता ही दुसरी."

दुसऱ्या पट्टीतल्या खपल्या खोल होत्या आणि सगळ्यांची तोंडं डावीकडे. खांदे आधी धावले की काठी बाहेरून आत तासत येते, खपली डावीकडे पडते आणि चेंडू फिरत उजवीकडे जातो. एवढं मला सरांमुळे माहीत झालं होतं.

"दमत असेल," मी म्हटलं.

"दमते काय? ही गेल्या मंगलवारची." त्यांनी चार पावलं पुढे नेलं. दोन्ही पट्ट्या सरळ होत्या, शेवटच्या खपलीपर्यंत. "आनि ही त्याच्या आदल्या शनवारची. ह्याबी दोनी सरळ."

मंगळवारी माझं केंद्रावर प्रशिक्षण होतं. शनिवारी मी मनालीच्या बाबांना घ्यायला स्टँडवर गेले होते.

मी विचारलं, "दुसरी पट्टी ती किती वाजता सुरू करते?"

"तुमची एस.टी. येते तवा."

मी तिथेच उभी राहिले. ते रेती भरायला लागले. खाली बघतच म्हणाले, "आमच्याकडं वाफा तुडवताना बांधावर रिकामा मानूस उभा करीत न्हायत. तुडवायचा असल तर आत उतर, न्हायतर घरी जा. बगत उभं राह्यलं की तुडवनाऱ्याचं पाय बिघडतात. मी लानपनापासून बगतोय. तुमाला सांगायचं कसं, म्हनून गप होतो."

मी जायचं बंद केलं. मनालीला सांगितलं, सहामाहीच्या पेपरांचे गठ्ठे पडलेत. तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि म्हणाली, "बरं." ते तीन आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. पाच वाजत आले की माझे पाय स्टँडकडे वळायचे. एकदा एस.टी.त चढलेही, आणि पुढच्या थांब्यावर उतरून चालत परत आले. नारळ खवायला घेतला तर दोन दोन नारळ खवून ठेवायची. मुलांच्या तपासलेल्या वह्या पुन्हा तपासल्या. शेजारच्या सत्यवतीवहिनी म्हणाल्या, "अगं, परीक्षा पोरीची आहे की तुझी?" मी म्हटलं, तिचीच, म्हणून तर. तिकडे सगळ्या पट्ट्या सरळ निघत होत्या. कोंडाजीभाऊ सकाळचं काम उरकून घरी जाताना शाळेच्या फाटकाशी थांबून एवढंच सांगून जायचे, "सरळ."

परीक्षेला तिचे बाबा रजा टाकून बरोबर गेले. मी गेले नाही. पहिल्या दिवशी अठ्ठ्याहत्तर. दुसऱ्या दिवशी ब्याऐंशीपर्यंत चाललं असतं. चौऱ्याऐंशी लागले. दोन फटक्यांनी राहिलं.

परत आली तेव्हा ती रडत वगैरे नव्हती. जेवताना सांगायला लागली. "तेराव्या होलपर्यंत मला कळतही नव्हतं मी परीक्षेत आहे. चौदाव्याला माझ्याबरोबर खेळणाऱ्या मुलीची आई आली. झाडाखाली उभी राहिली. ओळख ना पाळख, आई. नुसती उभी होती, पर्स अशी पोटाशी धरून. तू धरतेस तशी. तिथून माझे खांदे जे सुटले, ते शेवटपर्यंत हातात आले नाहीत."

"तिला सांगायचंस ना बाजूला व्हायला," तिचे बाबा म्हणाले.

"बाबा, मैदान काय आपल्या घरचं आहे?"

तिने चौदाव्या होलपासूनच्या सगळ्या खपल्यांचे फोटो काढून आणले होते. दुसऱ्या दिवशी ती फोन घेऊन कोंडाजीभाऊंकडे गेली. सुट्टी होती म्हणून मीही गेले. त्यांनी फोन लांब धरला, जवळ धरला, उलटा धरला.

"ह्यात काय कलतंय? बोट कुटं घालू?"

"काका, मोठं करून देते." तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला.

"हां, थांब." त्यांनी एकेक बघितला. पाच-सहा फोटो झाल्यावर फोन तिच्या हातात दिला आणि बादलीतली रेती चाळवली. "ह्या त्याच हायत. दुसऱ्या पट्टीवाल्या." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, चूक माजी हाय. मी तुमाला बांधावरनं हाकललं. मिठाचं निराळं. वाफा एकदा तुडवला की मीठ आपआपलं धरतं, त्याला कुनी बगितला काय, न्हाय बगितला काय. हिला बगनाऱ्याम्होरंच खेलायचा हाय. मी हिला रिकाम्या बांधावर तयार केली."

मनाली त्यांच्याकडे बघत होती, मग माझ्याकडे. "म्हणजे पेपरांचे गठ्ठे नव्हते?"

"नव्हते," मी म्हटलं.

"दोघांनी मिळून ठरवलंत. मला विचारायचं कुणाला सुचलं नाही." एवढं बोलून ती काउंटरवर निघून गेली. दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली आणि कोंडाजीभाऊंशी तेवढंही नाही. त्या दोन दिवसांत ते माझ्या शाळेच्या फाटकाशीही आले नाहीत.

मॅनेजरने फेब्रुवारीपर्यंत थांबायचं कबूल केलं. पुढची परीक्षा तेव्हा होती, आणि त्यानंतर मात्र ते थांबणार नव्हते. तिसऱ्या दिवशी मनालीनेच मला शाळेत फोन केला. "पाचच्या एस.टी.ने ये. काकांनी बोलावलंय."

कोंडाजीभाऊ आता संध्याकाळीही थांबायला लागले होते. त्यांनी कॅन्टीनमधली एक प्लॅस्टिकची खुर्ची आणून सरावाच्या जागेवर ठेवली होती. बाकाजवळ नाही. मनाली जिथे चेंडू ठेवते तिथून तीन-चार हातांवर, तिच्या समोर, म्हणजे चेंडूकडे बघताना माझे पाय तिला दिसलेच पाहिजेत.

"हितं बसा. बोलायचा न्हाय. उटायचा न्हाय. डोलंबी मिटायचं न्हाय."

पहिल्या संध्याकाळी तिने मारलेल्या चाळीसांपैकी तीस चेंडू झाडीत गेले. मी ओठ दाताखाली धरून बसले होते. 'डोकं खाली' म्हणायचं नव्हतं. मधेच ती थांबली आणि म्हणाली, "आई, श्वास तरी घे. तुझा श्वास थांबला की मला ऐकू येतं."

"न बोलायचं ठरलंय."

"श्वास म्हणाले मी."

आठवड्याने तिसेकचे पंचवीस झाले. मग परत तीस. मी तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवून समुद्राकडे बघायला लागले, तर कोंडाजीभाऊ लांबून ओरडले, "बाई, पोरीकडं." दुपारपासून माझं लक्ष घड्याळाकडे. मुलांना पाढे म्हणायला लावायची आणि मधेच हरवायची. दुसरीतला एक मुलगा म्हणाला, "बाई, आमचा सतरा कधीच झाला."

रविवारी मितेश सर आले, खुर्ची बघितली. "हे काय नवीन?"

मनालीने सांगितलं. सर कोंडाजीभाऊंना म्हणाले, "काका, पावसाळ्यापासून मी हिचे खांदे शोधतोय. ते आईच्या पर्समध्ये होते होय?" कोंडाजीभाऊ हसले नाहीत. "तुमच्या व्हिडिओत आई कुटं असते?" सरांनी फोन काढून जुने व्हिडिओ पाहिले. पुढचे सगळे व्हिडिओ सव्वापाचनंतरचे मागवले. आणि तिला एक पद्धत बांधून दिली. चेंडूमागे उभं राहायचं, लांब झेंड्याकडे बघायचं, जवळ यायचं, डावी टाच एकदा उचलून टेकवायची आणि मारायचं. कोणी असो, नसो, यात फरक नाही. घाई वाटली तर परत मागे जाऊन पहिल्यापासून. कितीतरी संध्याकाळी ती चेंडूजवळ यायची, माझ्याकडे बघायची, परत मागे जायची. चार चार वेळा. मला वाटायचं, मीच उठून निघून जाऊ का? उठायचं नव्हतं.

जानेवारी संपता संपता दुसरी पट्टी अर्ध्यापर्यंत सरळ यायला लागली. पूर्ण कधीच आली नाही. कोंडाजीभाऊ रोज कुठे वळते ती जागा दाखवायचे. काल विसाव्याला, आज चोविसाव्याला, परवा परत अठराव्याला. मी विचारलं, एवढ्याने होईल का? ते म्हणाले, "मला काय म्हाईत? मी खपल्या भरतो."

फेब्रुवारीत आम्ही तिघंही गेलो. घरून निघताना वंदना केली तेव्हा मनालीचे हात थंड होते, माझे तिच्याहून थंड. पहिल्या दिवशी एक्क्याऐंशी. म्हणजे दुसऱ्या दिवशी एकोणऐंशी किंवा कमी. मी ठरल्याप्रमाणे प्रत्येक होलला दोरीच्या बाहेर उभी होते, तिला दिसेल अशी. चौदाव्याला तिचा चेंडू झाडीत गेला आणि दोन फटके जास्त लागले. ती मागे वळली, माझ्यापाशी आली. मला वाटलं, आता जा म्हणेल. ती म्हणाली, "पाणी दे." प्यायली आणि गेली.

शेवटच्या होलला चार फटके शिल्लक होते. पहिला बरा बसला. दुसऱ्यासाठी ती चेंडूमागे उभी राहिली, जवळ गेली, थांबली, परत मागे गेली. पुन्हा जवळ गेली. पुन्हा मागे. परीक्षक घड्याळ बघायला लागले. तिसऱ्यांदा तिने टाच टेकवली आणि मारलं. चेंडू जरा उजवीकडे झुकला आणि भोकाभोवतीच्या हिरवळीच्या अगदी काठावर थांबला. तिथून दोन. एकोणऐंशी. बरोबर एकशे साठ.

तिचे बाबा तिच्याकडे धावले. मी धावले नाही. लोक पुढे गेल्यावर मी दोरी ओलांडून जिथून तिने तो फटका मारला होता तिथे गेले, खाली बसले आणि खळग्यात बोट घातलं. मग कोंडाजीभाऊंना फोन लावला.

"झाली पास," मी म्हटलं. "बरोब्बर काठावर."

"बरा झाला." पलीकडे नळाचा आवाज येत होता. "शेवटची खपली बगितली?"

"बघितली."

"कशी हाय?"

"उथळ आहे. पण तोंड थोडं डावीकडे."

"म्हंजे हाय अजून."

"आहे. पण कोंडाजीभाऊ, जूनमध्ये अभ्यासक्रम सुरू होईल. ती तिकडे एकटी असेल. तिथे तिच्यासमोर कोण बसणार?"

"तिथं जाम बगनारे असतील, बाई. त्याची काळजी करू नका." मग नळ बंद झाला. "जूनला चार महिनं हायत. उद्या शाला सुटली की या."